पदकांचा रकाना

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या व्हरांड्यात सकाळी साडेदहालाच बसायला जागा उरलेली नाही. हयातीच्या दाखल्याचा महिना आहे हा. बाकांवर फेटे आणि गांधी टोप्या, मध्येच एखादी पलटणीचा बिल्ला लावलेली हिरवी टोपी. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. कोपऱ्यात एक नातू आजोबांचा अंगठा मशीनवर दाबून धरतोय. ठसा उमटत नाही. जन्मभर कुदळ-खोरं धरून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. "आजोबा, आत डोळ्याचं मशीन हाय, तिकडं चला," म्हणत तो त्यांना उठवतो. त्यांची जागा रिकामी होते आणि तिथं आम्ही तात्यांना बसवतो.

तात्यांचा दाखला मागच्या आठवड्यातच तालुक्याला झालाय. ते आलेत वेगळ्याच कामासाठी. वय 76, पाठ अजून ताठ. इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, पायात पॉलिश केलेले काळे बूट. सोबत त्यांची नात आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, आणि अर्ज लिहायला शेजारचा म्हणून मी. कागद नातीच्या बॅगेत आहेत. डिस्चार्ज बुक मात्र तात्यांनी तिच्याकडेही दिलेलं नाही. ते त्यांच्या दोन्ही हातांत आहे.

काम कसं निघालं ते थोडक्यात सांगायला हवं. माणदेशातल्या आमच्या गावात चावडीशेजारी माजी सैनिकांच्या नावांचा दगडी फलक बसतोय. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आधीपासून आहे. या गावातून इतकी माणसं लढाईवर गेली, त्यांतली इतकी परत आली नाहीत, एवढाच तिच्यावरचा मजकूर. शंभर वर्षं झाली तरी गाव ती पाटी पुसून स्वच्छ ठेवतं. नव्या फलकावर नाव, हुद्दा, नोकरीचा काळ आणि पदकं कोरायची असं ठरलंय, आणि कागदावर असेल तेवढंच कोरायचं, असंही ग्रामसभेनं ठरवलंय. ते योग्यच आहे. ग्रामसेवकानं तात्यांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मागितली, नातीनं पान काढलं, आणि तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं की तात्यांच्या पदकांत 1971 च्या युद्धाचं एकही नाही.

"पुढचे या."

आत टेबलापलीकडे कल्याण संघटक बसलेत. स्वतः सिग्नलमधून नायब सुभेदार म्हणून उतरलेले, त्यामुळे सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. मागच्या भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर, बाजूला ध्वजदिनाच्या निधीचं पत्रक. तांबड्या, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचे छोटे कागदी ध्वज गठ्ठ्यांनी येऊन पडलेत. 7 डिसेंबर जवळ आलाय. तात्या दारातच टाचा जुळवतात.

"जय हिंद, साहेब."

सुभेदारसाहेब खुर्चीतून उठतात. "जय हिंद, हवालदारसाहेब. बसा. कुठली पलटण?"

"एएससी, आर्मी सर्व्हिस कोअर. ड्रायव्हर एमटी."

"आणि काम?"

तात्या डिस्चार्ज बुक टेबलावर ठेवतात, उघडत नाहीत. "माझी दोन मेडलं ऱ्हायल्यात, साहेब. पूर्वी स्टार आन् संग्राम मेडल. कागदावर न्हाईत."

सुभेदारसाहेब चष्मा लावतात आणि पुस्तक अलगद उघडतात. कापडी पाठीचं पुस्तक, शिवण एका बाजूनं उसवलेली. पानं कडांना तपकिरी झालीत, मधे अजून पांढरी आहेत. निळ्या-काळ्या शाईतलं कुणा क्लार्कचं वळणदार इंग्रजी अक्षर. भरती 1967. उंची, छाती. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण. मी नकळत तात्यांच्या भुवईकडे बघतो. व्रण आहे. डिस्चार्ज 1984. वर्तणूक, एक्झम्प्लरी. हा शब्द तेवढा ठळक, दोनदा गिरवल्यासारखा. सुभेदारसाहेबांचं बोट खाली सरकत पदकांच्या रकान्यावर थांबतं. तिथं तीन ओळी आहेत. सैन्य सेवा मेडल, क्लास्प जम्मू आणि काश्मीर. पंचविसावा स्वातंत्र्य जयंती मेडल. नऊ वर्षे दीर्घ सेवा मेडल. त्यांच्या खाली बोटभर कोरी जागा, आणि मग कमांडिंग अधिकाऱ्याची सही.

"पंचविसावा स्वातंत्र्य जयंती म्हणजे 15 ऑगस्ट 1972 ला तुम्ही नोकरीत होतात. ते तर आहेच. 71 च्या डिसेंबरात कुठं होतात?"

"तुऱ्याला. मेघालयात. तिथनं म्होरं म्हेंद्रगंज, कमालपूर, बक्षीगंज."

सुभेदारसाहेबांचा चेहरा बदलतो. ते पेन खाली ठेवतात. बाहेर रांग आहे हे त्यांना ठाऊक आहे, तरी म्हणतात, "सांगा."

तात्या सांगू लागतात. हे सगळं मी गावात तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय, पारावर, लग्नाच्या मांडवात. आज पहिल्यांदा ते क्रमानं येतंय, कारण समोरचा माणूस मध्ये मध्ये तारीख विचारतोय. त्यांची कंपनी सिकंदराबादला होती. 1971 च्या पावसाळ्यानंतर कंपनीतल्या एका ट्रान्सपोर्ट प्लाटूनला हुकूम आला. गाड्या रेल्वेच्या वॅगनवर चढवून आसामकडे नेल्या, आणि तिथून गारो टेकड्यांतल्या तुऱ्याला ते दुसऱ्या युनिटला जोडून दिले गेले. गाडी शक्तिमान, तीन टनी. माल बहुतेक दारूगोळा, परतीला जखमी.

"रातचं हेडलाइट बंद. म्होरच्या गाडीच्या मागच्या धुऱ्यावर पांढरा रंग दिल्याला आसतुया, त्याच्यावर बारका दिवा. त्यो पांढरा गोळा तेवढा बघायचा आन् चालवायचं. गोळा दिसंना झाला म्हंजी म्होरला उतरणीला लागला."

"कमालपूर कधी पडलं?"

"चार तारखंला. दुसऱ्या दिशी त्याच वाटंवर जनरल गिलसाहेबांची जीप सुरुंगावर गेली. आमाला सांगितलं, चाकोरी सोडायची न्हाई, एकाच्या चाकात दुसऱ्यानं चाक घालायचं."

हे इतिहासातही असंच आहे. त्या आघाडीवर ब्रिगेडियर क्लेर यांची 95 माउंटन ब्रिगेड होती. कमालपूरचं पाकिस्तानी ठाणं 4 डिसेंबरला शरण आलं. मेजर जनरल गुरुबक्षसिंग गिल 5 तारखेला सुरुंगाच्या स्फोटात जबर जखमी झाले आणि त्यांच्या जागी मेजर जनरल नागरा आले. पुढे जमालपूर होतं, आणि जमालपूरच्या अलीकडे ब्रह्मपुत्रा.

"नदीवर पूल न्हवता," तात्या म्हणतात. "गाड्या अलीकडंच ऱ्हायल्या. म्होरं होड्या आन् बैलगाड्या. गावातल्या लोकांनी गाड्या आणल्याल्या. आमी ट्रकातनं पेट्या उतरून बैलगाड्यांवर चढवत हुतो. एक बैल आवाजाला बुजला, जू टाकून दिलं त्यानं. गाडीवान पोरगं हुतं बारकं, रडाय लागलं. मी म्हणलं, सर बाजूला. कानाला हात लावला, मानंवरनं हात फिरीवला, धरलं जू. आमच्या घरी बैलच हुतं की वं. तवा पलीकडनं एक जण वरडला, 'आरं, तू तर आपल्याकडचा दिसतुयास! गाव कंचं?' जंगी पलटणीचा हुता. पेटीची एक बाजू त्यानं धरली, एक मी. गाव सांगितलं. नाव इचारायचं ऱ्हायलं."

मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, तेव्हा नदी ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली होती. 10 आणि 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री तिथं तुंबळ लढाई झाली आणि जमालपूर पडलं. पुढे ढाक्याची वाट त्याच बाजूनं मोकळी झाली. 11 तारखेलाच टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले, तीही दुसरी पॅरा बटालियन, मूळची मराठा पलटण. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती. या सगळ्या मजकुरात ट्रक ड्रायव्हर कुठंच दिसत नाही. पण त्या रात्री मॉर्टरचे गोळे कमी पडले नाहीत, यात कुणाच्या तरी पाठीचा घाम आहे. तो घाम गाळणाऱ्यांतला एक माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलाय.

सुभेदारसाहेब थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग पेन उचलतात. "मला पटलं, हवालदारसाहेब. पण रेकॉर्ड ऑफिसला कागद लागतो. आता असं कसं झालं असेल ते बघा."

ते पाठकोऱ्या कागदावर दोन चौकोन काढतात. एकात लिहितात 'मूळ कंपनी', दुसऱ्यात 'अटॅच युनिट'. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं लढाई संपल्यावर ठरली, युनिटांनी आपापल्या माणसांच्या याद्या केल्या त्या त्यानंतर. याद्या कशाच्या आधारावर? युनिटच्या पटावर तेव्हा कोण होतं, त्यावर. तात्यांची मूळ कंपनी लढाईत सिकंदराबादलाच होती. तिच्या क्लार्कनं बघितलं असणार की आपली कंपनी आघाडीवर गेलीच नाही, मग यादी कसली करायची? ज्या युनिटला ते जोडलेले होते, त्यानं आपल्या पटावरची माणसं मोजली. तात्या तोवर परत गेले होते, तिथून दुसऱ्या ठिकाणी बदलूनही गेले होते. दोघांनीही आपल्यापुरतं बरोबर केलं आणि माणूस मधल्या जागेत राहून गेला.

"पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, निघाली नाही, म्हणून शीट रोलवर, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदपत्रकावर, चढलं नाही. शीट रोलवर नाही, म्हणून डिस्चार्ज बुकात आलं नाही." सुभेदारसाहेब दोन चौकोनांच्या मधल्या जागेवर पेनाचं टोक टेकवतात. "अटॅच्ड माणसांचं असं बऱ्याचदा होतं. ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, सिग्नलवाले. आज ह्या युनिटला, उद्या त्या."

"मंग आता?"

"तुम्ही तिथं होतात हे सांगणारा एखादा कागद. काहीही. पे बुक, दवाखान्याची चिठ्ठी, बदलीचा हुकूम."

नात बॅग उघडते. एका पारदर्शक फोल्डरमधून ती एक कागद काढते आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवते.

हा कागद तात्यांच्या लोखंडी ट्रंकेत, भरतीच्या वेळच्या फोटोच्या चौकटीमागे सापडला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ आहे. आठ घड्या घातलेला, घड्यांच्या रेषांवर विरलेला, दोन ठिकाणी आरपार. टाइप केलेली अक्षरं जांभळी आहेत, म्हणजे ही कार्बनची प्रत. वर 'मूव्हमेंट ऑर्डर'. खाली नंबर, हुद्दा, नाव, गाडीचा नंबर. कुठून निघायचं, कुठं हजर व्हायचं. हजर व्हायच्या ठिकाणासमोर तुरा, ऑक्टोबर 1971. डाव्या कोपऱ्यात गोल शिक्का, त्यातली अर्धी अक्षरं उडालीत. पण कागद उलटा केला की खरी गोष्ट दिसते. मागे पेन्सिलनं, दुसऱ्याच हातानं लिहिलेल्या दोन नोंदी आहेत. पहिली टीओएस आणि ऑक्टोबरातली एक तारीख. दुसरी एसओएस आणि फेब्रुवारी 1972 ची तारीख. दोन्हींखाली आद्याक्षरं.

सुभेदारसाहेब कागदाला हात लावत नाहीत. वाकून वाचतात, मग ड्रॉवरमधलं भिंग काढून पुन्हा वाचतात.

"टेकन ऑन स्ट्रेंथ. स्ट्रक ऑफ स्ट्रेंथ." ते नातीकडे बघतात. "बाळ, हा कागद तू सांभाळलास?"

"आजीनं ठेवला होता. ती वारली चार वर्षांपूर्वी. मी फक्त चौकट पुसायला काढली होती."

"ह्या कागदावर तुझ्या आजोबांची सगळी लढाई आहे. ऑक्टोबरात पटावर घेतलं, फेब्रुवारीत पटावरून कमी केलं. मधला सगळा काळ पूर्वेकडच्या आघाडीवर. संग्राम मेडलची मुदत 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972. त्यातही हे बसतात." ते खुर्चीत मागे रेलतात. "मूळ प्रत कुणालाही द्यायची नाही. रेकॉर्ड ऑफिसनं मागितली तरी आधी मला फोन करायचा. आपण साक्षांकित प्रत पाठवू."

तेवढ्यात दारातून एक बाई आत येतात. डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्यांचे यजमान तोफखान्यात होते, उन्हाळ्यात गेले. फॅमिली पेन्शन अडलंय, कारण रेकॉर्डला बाईंचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. "मी एकच बाई हाय वं साहेब," त्या म्हणतात, "दोन कशा आसंन?" सुभेदारसाहेब त्यांना बसायला सांगतात, पाणी मागवतात आणि शपथपत्राचा मसुदा काढून देतात. लग्नानंतर बायकोचं नाव बदललं की तीही पार्ट टू ऑर्डर निघावी लागते, ती निघाली नव्हती. तात्या उठून आपली खुर्ची त्यांना देतात आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहतात. या बाईंचं पोट त्या एका ओळीवर अवलंबून आहे. तात्यांच्या ओळीवर कुणाचं पोट नाही. तरी या खोलीत दोन्ही अर्जांना एकसारखी वागणूक मिळते आणि ते मला मनापासून बरं वाटतं. एकीच्या बाबतीत सरकारनं माणूस कोण हे नीट लिहिलं नाही, दुसऱ्याच्या बाबतीत माणसानं काय केलं हे लिहायचं राहिलं. दोन्ही ठिकाणी सरकारच्या वहीत खरं आहे ते यायला हवं, एवढीच मागणी आहे.

बाई गेल्यावर अर्ज लिहायला घेतो. मी लिहितो, सुभेदारसाहेब सांगतात.

"नुसतं 'मेडल मिळावं' असं लिहू नका. मागण्या वेगवेगळ्या करा. पहिली, अटॅचमेंटच्या काळाची पडताळणी करून शीट रोलवर नोंद. दुसरी, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडलच्या पात्रतेची पार्ट टू ऑर्डर. तिसरी, डिस्चार्ज बुकातल्या पदकांच्या रकान्यात दुरुस्ती आणि तिची लेखी प्रत. मेडल चौथं. नोंद झाली की मेडल आपोआप मागवावं लागतं. नोंदीशिवाय मेडल आलं तर ते नुसतं धातूचं."

मी एकेक मागणी वेगळ्या परिच्छेदात घालतो. अटॅच युनिटचं नाव, गाडीचा नंबर, प्लाटून कमांडरचा हुद्दा. तात्यांना कमांडरचं आडनाव आठवतं, पण स्पेलिंगची खात्री नाही. सुभेदारसाहेब सांगतात, "जेवढं पक्कं आहे तेवढंच लिहा. एक चुकीचा तपशील गेला की बाकीचा अर्जही लंगडा होतो."

"कागदपत्रं अजून असतील त्यांच्याकडे?" नात विचारते.

"तुझे आजोबा पेन्शनर आहेत म्हणून आशा आहे. ज्यांना पेन्शन नाही, त्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करायचा नियमच आहे, मग मागे उरतो लाँग रोल. त्यात नाव, नंबर, भरती आणि सुटका अशा मोजक्या नोंदी. माणूस तुऱ्याला होता की पुण्याला, ते त्यावरून कळत नाही." ते क्षणभर थांबतात. "म्हणून म्हणतो, घरातला कागद सोन्यासारखा जपा. सरकारी कपाटाला मुदत असते."

टाइपिंग चालू असताना रांगेतला एक तरुण आत डोकावतो, वडिलांचं काम घेऊन आलेला. बोलणं त्याच्या कानावर गेलंय. तो सरळ विचारतो, "ह्यानं पेन्शन किती वाढेल, साहेब?"

"काही नाही," सुभेदारसाहेब सांगतात. "शौर्यपदकांना रक्कम असते. हे मोहिमेचं पदक. याला एक रुपयाही नाही."

"मग कँटोन्मेंटच्या बाजारात मिळतं की! रिबिनीसकट. कशाला एवढी धावपळ?"

तरुण वाईट मनानं बोललेला नाही. त्याला खरंच मार्ग सुचवायचाय. तात्या त्याच्याकडे वळतात. आवाज चढत नाही.

"बाबा, दुकानातल्या मेडलाच्या कडंला माजा नंबर नसतुया. नाव नसतंया. त्ये कुणीबी घेऊन लावंल. मला सरकारनं लिवून द्याचं, की ह्यो गडी तितं हुता. बास."

तरुण मान हलवतो. "बरोबर आहे, आजोबा," म्हणतो आणि बाहेर जातो.

तात्या बोलले त्यात माझ्या मनातलं सगळं आलं. पूर्वी स्टार म्हणजे पाच टोकांचा ब्राँझचा तारा, मधोमध अशोकस्तंभाचे सिंह. संग्राम मेडल गोल, चांदीसारखं दिसणारं. धातू म्हणून दोन्हींची किंमत नगण्य. पण ज्याला ते दिलं जातं त्याचा नंबर आणि नाव त्यावर कोरलेलं असतं, आणि त्यामागे राष्ट्रपतींच्या हुकुमानं ठरलेली पात्रता असते. देशानं एका माणसाला दिलेली ती साक्ष आहे, आणि साक्ष माणूस जिवंत असताना द्यायची असते. 1971 ला विशीत असलेली पोरं आज पंचाहत्तरी ओलांडून गेलीत. ज्यांनी पेटीची दुसरी बाजू धरली होती, त्यांच्यातले किती उरलेत? दर वर्षी 16 डिसेंबरला आपण विजय दिवस साजरा करतो, भाषणं होतात, पुष्पचक्रं वाहिली जातात. ते करावंच. पण त्याच दिवशी प्रत्येक तालुक्यात एक टेबल टाकून या लोकांची डिस्चार्ज बुकं तपासली, चुकलेल्या नोंदी काढल्या आणि अर्ज भरून घेतले, तर तो त्यांचा खरा मान होईल. या कामासाठी म्हाताऱ्यानं बूट पॉलिश करून सरकारच्या दारात का यावं? याद्या सरकारकडे आहेत, पटाच्या नोंदी सरकारकडे आहेत. शोधायची जबाबदारीही तिथंच असायला हवी.

अर्ज छापून येतो. दोन पानं, सहा सहपत्रं. सुभेदारसाहेब शेवटच्या ओळीखाली बोट ठेवतात. "इथं नंबर, हुद्दा, नाव, आणि सही."

नात डिस्चार्ज बुक उघडायला जाते, तर तात्या हातानंच थांबवतात आणि नंबर सलग म्हणून दाखवतात. शेवटच्या अक्षरासकट, एका दमात. मी तो लिहितो आणि पुस्तकाशी ताडून बघतो. जसाच्या तसा आहे. मग तात्या पेन घेतात आणि देवनागरीत, एकेक अक्षर सुटं काढत सही करतात.

"सही मराठीतच चालेल?" ते विचारतात.

"डिस्चार्ज बुकात तुमची सही मराठीतच आहे. तीच हवी."

जावक नोंदवहीत क्रमांक पडतो. आमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. सुभेदारसाहेब पुढचा रस्ता सांगतात. उत्तराला महिने लागतील. नाही आलं तर या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र. तरी नाही तर माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत मागायची. नकार आलाच आणि तो पटण्यासारखा नसला, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं खंडपीठ मुंबईत आहे. "पण तिथवर जायची वेळ यायची नाही असं मला वाटतं. तुमचा कागद बोलका आहे. मेडलाला मात्र अजून वेळ लागेल. ते कोलकात्याच्या टांकसाळीतून बनून यायचं असतं."

"लागू द्या वेळ," तात्या म्हणतात. "फलकावर कोरायला आदी तुमची चिठ्ठी आली तरी चालंल."

"ग्रामपंचायतीला सांगा, तात्यांच्या नावापुढे दोन ओळींची जागा सोडा म्हणावं."

आम्ही उठतो, तसे सुभेदारसाहेबही उठून आमच्यासोबत व्हरांड्यात येतात. रांग आणखी वाढलीय. ते टाळी वाजवतात.

"ऐका सगळे! ज्यांनी 61 ला गोवा केलंय, 65 किंवा 71 ला नोकरीत होते, श्रीलंकेत गेले होते, त्यांनी आपापल्या डिस्चार्ज बुकातला पदकांचा रकाना वाचून घ्या. गोव्याला सामान्य सेवा मेडल, गोवा क्लास्प. 65 ला रक्षा मेडल आणि आघाडीवर असाल तर समर सेवा स्टार. 71 ला पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. श्रीलंकेला विदेश सेवा मेडल. नसेल तर मला सांगा. हयातीच्या दाखल्याचं झालं की लगेच बसू."

बाकांवर हालचाल सुरू होते. पिशव्या उघडतात. कुणी चष्मा शोधतो, कुणी मुलाला म्हणतो, "वाच रं." बऱ्याच जणांनी ते पुस्तक आजवर फक्त पीपीओच्या नंबरासाठी उघडलेलं आहे. एकजण ओरडून सांगतो, "माजी हाईत सगळी!" आणि लगेच मोठ्यानं पदकांची नावं वाचायला लागतो. शेजारचे ऐकतात, आपापल्या पानाशी जुळवून बघतात.

कडेला एक फेटेवाले बाबा पुस्तक उलटसुलट करत बसलेत. तात्यांपेक्षाही वयानं मोठे, ऐंशीच्या पुढचे. "मी खेमकरणला हुतो," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणतात. "65 ला. रकाना कुठं आसतुया ह्याच्यात?"

नात बसची वेळ झाल्याचं सांगते. तात्या हातानं थांब म्हणतात, बाबांच्या शेजारी बाकावर टेकतात, त्यांच्या हातातलं पुस्तक घेतात आणि नेमकं पान काढतात. दोघं मिळून वाचतात. तात्यांचं बोट ओळींवरून सरकतं, बाबांचे ओठ हलतात. रक्षा मेडल आहे. त्याखाली सैन्य सेवा मेडल. त्याखाली सही.

"आन् समर सेवा स्टार?" तात्या विचारतात.

"त्ये काय आसतंया?"

"ज्ये आघाडीवर हुते त्यांचं. तुमचं ऱ्हायलंय, बाबा." तात्या पुस्तक मिटून त्यांच्या हातात देतात आणि दंडाला धरून त्यांना उठवतात. "घरात 65 चा कंचाबी कागद आसंल त्यो हुडका. आन् आदी आत चला, सुभेदारसाहेबास्नी दाखवू."

आम्ही ती बस सोडतो.